दगडावरचा पहिला शब्द

आमच्या कारखान्यातून एकही दगड माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही. कारखाना म्हणजे फार काही नाही. रस्त्याकडेची एक लांबट खोली, वर पत्रा, दगड आडवे ठेवायच्या चार लाकडी घोड्या आणि सगळ्यावर पिठासारखी बसलेली पांढरी धूळ. नवरा आणि त्याचा थोरला भाऊ मेलेल्या माणसांची नावं दगडावर कोरायचे, आणि मी ती वाचायची. आधी शिसपेन्सिलीनं सगळा मजकूर दगडावर आखला जातो. मग मी बोट ठेवून तो शेवटच्या अक्षरापासून उलटा वाचत पहिल्यापर्यंत येते, कारण सरळ वाचलं की डोळा अंदाजानं पुढं पळतो आणि चूक गिळून टाकतो. मग एका चिठ्ठीवर 'वाचले, बरोबर' असं लिहायचं, खाली सही. ती चिठ्ठी दगडाच्या कोपऱ्यावर चिकटल्याशिवाय छिन्नीला हात लावायचा नाही, हा सासऱ्यांनी घालून दिलेला नियम. त्यांनी एकदा मेलेल्या भावाच्या ऐवजी, दगड सांगायला आलेल्या भावाचंच नाव कोरून ठेवलं होतं. तो गृहस्थ पुढं बावीस वर्षं जगला आणि दर वर्षी न चुकता येऊन सासऱ्यांना शिव्या घालून जायचा.

मी पदवी घेऊन या घरात आले म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून मी 'मास्तरीण'. हे नाव भाऊजींनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, ठेवलं होतं, आणि कौतुकानं नव्हतं ठेवलं.

त्या दुपारी घोडीवर भाऊजींचाच दगड होता.

वर 'स्वर्गवासी', मग त्यांचं नाव, मग दोन तारखा. इथवर नेहमीचं. त्याखाली सासूबाईंनी सांगितलेल्या आणि नवऱ्यानं मान खाली घालून आखलेल्या दोन ओळी होत्या : 'लेकराच्या रक्षणासाठी देवाने यांना धाडले. स्वतःचा जीव देऊन यांनी तिला वाचवले.'

लेकरू म्हणजे माझी ठकी. पावणेदोन वर्षांची. ती माझ्या कमरेवर होती. डावा हात झोळीत बांधलेला, आणि मोकळ्या हातानं माझं कानातलं उपटायचा उद्योग चाललेला.

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नाही, पण त्या दगडाकडे अशा बघत होत्या, जणू अक्षरं त्यांना ओळखून वर मान करतील. दाराशी उजेडात जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको, शर्टांना बटणं लावत बसल्या होत्या. एका शिलाईवाल्याकडून त्या गठ्ठे आणतात. नवरा चिठ्ठी आणि पेन घेऊन उभा.

"वाच," सासूबाई म्हणाल्या.

"वाचलं."

"मग कर सही."

मी हलले नाही. ठकीनं कानातलं ओढलं, दुखलं, तरी हलले नाही.

नवरा हळूच म्हणाला, "कर ना. शुद्धलेखन तर ठीक आहे."

"शुद्धलेखन ठीक आहे," मी म्हणाले. "मजकूर खोटा आहे."

जाऊबाईंनी दोरा दातानं तोडला.

आता हे सांगायलाच हवं की खोटं सुरू माझ्यापासूनच झालं होतं. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी त्याच खोलीत एक उभा टेकवलेला दगड भाऊजींच्या अंगावर आला आणि ते जागीच गेले. नवरा माल पोचवायला गेला होता, जाऊबाई वरच्या खोलीत होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखाना दिसतो, आणि खिडकीत मी होते. सासूबाई आवाज ऐकून धावत आल्या तेव्हा मी ठकीला छातीशी धरून जमिनीवर बसले होते. "काय झालं? अगं, काय झालं?" त्या विचारत राहिल्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "त्यांनी हिला फेकलं, म्हणून ही वाचली."

यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. त्याच वाक्यातून संध्याकाळपर्यंत भाऊजींचा हुतात्मा झाला. शेजारीपाजारी डोळे पुसत आले. ज्यांना भाऊजींनी आयुष्यभर रस्त्यात गाठून शिव्या दिल्या, तेही म्हणाले, माणूस वरून फणसासारखा होता हो, आत गोड. मी गप्प बसले. मढं घरात असताना कोण तोंड उघडतं? मग दुसऱ्या दिवशी गप्प बसले, मग तिसऱ्या दिवशी. गप्प बसण्याची सवय लवकर लागते, विशेषतः या घरात.

"खोटा?" सासूबाईंनी मान वळवली. "तुझी पोरगी जिवंत आहे ना? की तेही खोटं?"

"जिवंत आहे."

"कोणामुळं?"

"आई, त्यांनी तिला वाचवायला नाही फेकलं. दगड तेव्हा हललाही नव्हता. ही चालत चालत तिथं गेली आणि आखलेल्या ओळींवर तिनं हात फिरवला. तासाभराचं काम पुसलं गेलं. त्यांनी हिला एका हातानं उचललं, ह्या हाताला धरून," मी झोळी दाखवली, "आणि पोत्यांवर भिरकावली. मग तिथंच उभे राहून शिव्या देत होते. दीड वर्षाच्या पोरीला काय काय म्हणत होते, ते मी तुमच्यापुढं उच्चारणार नाही. आणि मग दगड आला."

"तुला काय माहीत त्याच्या मनात काय होतं?"

"मी त्यांचं तोंड बघत होते."

"तोंड बघत होतीस," त्या म्हणाल्या. "तू सगळ्यांची तोंडंच बघत असतेस. त्यानं बघितला असेल दगड हलताना, तुला नसेल दिसला."

"त्यांची पाठ होती दगडाकडं. डॉक्टरांनी पण विचारलं मला, कुणी जोरात ओढलं का हिला? पडून असं कोपर निखळत नाही म्हणाले."

नवऱ्यानं पेन या हातातून त्या हातात घेतलं. त्याला हे मी आदल्या रात्रीच सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. पण त्याच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं, नुसता थकवा होता. त्याचा उजवा कान लहानपणापासून ऐकत नाही. का ऐकत नाही, ते घरात कुणी बोलत नाही.

सासूबाईंनी पदर सावरला. मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी वेगळाच डाव टाकला.

"बरं. रागानं फेकलं म्हण. दारूत म्हण. मग तर आणखीच खरं झालं हे." त्यांनी दगडाकडं बोट केलं. "बघ, काय लिहिलंय? देवानं धाडलं. मी असं कुठं म्हटलंय की तो शहाणा होता? देवाला वाकडं हत्यारही चालतं. हिच्याकडं बघ," त्यांनी नवऱ्याची जुनी छिन्नी उचलली, "हिचं तोंड झिजलंय, मूठ तुटलीय. हिनं काढलेलं अक्षर वाकडं येतं का? हात कोणाचा, त्यावर असतं."

पाच आठवडे मी स्वतःशी भांडत होते, पण त्यात सासूबाई इतक्या हुशार नव्हत्या.

"मग त्या हाताला दगड नसता धरता आला?" मी म्हणाले. "अर्धं मिनिट? पोरीला तिथून काढायला आधी तिचा हात निखळवायचा, मग एका माणसाला चिरडायचं, एवढा लांबचा रस्ता कशाला? चुलीवरचं दूध उतू गेलं नसतं तर मीच वेळेवर पोचले असते. तेवढं जमलं नाही त्याला?"

"तू आता देवाला शिकव. मास्तरीण!"

"शिकवत नाही. विचारतेय. घरात एवढी माणसं, आणि धाडायला हेच सापडले त्याला?"

"जिभेला हाड नाही हिच्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ऐकतोस ना? मेलेल्या भावाबद्दल बोलतेय. की त्या कानानं ऐकतोस?"

नवरा कसनुसा हसला. असं काही बोललं की तो हसतो. मला त्या हसण्याचा इतका राग येतो, की मला माझीच भीती वाटते.

"आणि एक सांग," सासूबाई उठून दगडाजवळ आल्या. "चार वर्षं तू सह्या करतेयस. 'प्रेमळ पिता' लिहिलेल्या किती दगडांवर सही केलीस? तो तिठ्यावरचा औषधवाला, ज्यानं सख्ख्या बहिणीला घराबाहेर काढलं, त्याच्यावर काय कोरलं आपण? 'दीनांचा कैवारी'. तेव्हा नाही तुझा घास अडकला? सगळ्या गावाला स्वर्गात पोचवलंस, आणि माझ्याच पोरापाशी तुझी शाई संपली?"

हे बरोबर होतं. औषधवाल्याच्या दगडावर मी हसत हसत सही केली होती, आणि जेवताना सगळ्यांना सांगून हसवलंही होतं.

"ते मला माहीत नव्हते," मी म्हणाले. "म्हणजे, मी बघितलं नव्हतं. हे मी बघितलंय. आणि यात माझ्या मुलीचं नाव गुंतलंय. उद्या ती वाचायला शिकेल, इथं येईल, आणि जन्मभर समजेल की ज्यानं आपला हात उपटला त्याचे आपण उपकार फेडायचे आहेत. आई, मी नाही हे होऊ देणार."

"उपकार नाहीत?"

"नाहीत."

तेव्हा जाऊबाई बोलल्या. सुई शर्टात खोचून, शर्ट मांडीवर ठेवून. त्या इतक्या कमी बोलतात, की त्यांचा आवाज मला दर वेळी अनोळखी वाटतो.

"आई, ते तिथं असतील का खरंच?"

"कुठं?"

"तिथं. वर."

"असणारच. लेकरासाठी गेला तो."

"मग मला आधी कळवा," जाऊबाई म्हणाल्या. "मी दुसरीकडं कुठंतरी जाईन."

"तोंड आवर."

"आवरलंच आहे की इतकी वर्षं."

"अगं, तिथं गेल्यावर माणूस तसाच राहतो का?" सासूबाईंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तिथं सगळं धुतलं जातं. राग, दारू, सगळं. तो तुला ओळखूही येणार नाही, इतका चांगला झाला असेल."

"तेच तर," जाऊबाई म्हणाल्या. "मला मारायचा तो मग कुठं गेला? तो चांगला झालेला माणूस मला काय सांगणार, त्यानं थोडंच मारलं? मला ज्याच्याशी बोलायचंय तोच नाहीसा केला तुमच्या देवानं."

आणि मग त्या माझ्याकडं वळल्या. मला वाटलं, आता दोघी एका बाजूला झालो. तसं नव्हतं.

"आणि तू. पाच आठवडे. पाच आठवडे मी रोज सकाळी हात जोडून स्वतःला बजावत होते, बाई, शेवटी त्यानं एक तरी चांगलं काम केलं, आता सोड, आता माफ कर. तुझ्या एका वाक्यावर मी माफ करत होते त्याला. अर्धं होतही आलं होतं. आज सांगतेस?"

"ताई, मी..."

"ताई नको म्हणू. खिडकीत उभं राहून बघत बसायचं, एवढंच येतं तुला."

ठकी रडायला लागली. मोठी माणसं ओरडली की ती आधी ओठ काढते, मग एक क्षण सगळं थांबतं, मग रडते. मी तिला या कमरेवरून त्या कमरेवर घेतलं, झोळीचा हात जपून. मला खरं तर तिथून निघून जाता आलं असतं. पण अर्धं सांगून आधीच एवढं झालं होतं.

"अजून एक आहे," मी म्हणाले.

मी ते नवऱ्याकडं बघत सांगितलं. त्या सकाळी ठकी कशानंच ऐकत नव्हती. दात येत होते. मला फक्त दहा मिनिटं हवी होती. भाऊजींच्या खोक्यातली एक लाकडी पाचर मी तिला चावायला दिली. उभा दगड घसरू नये म्हणून त्याच्या पायाशी आम्ही दोन पाचरी ठोकतो, हे या घरातल्या मांजरालाही माहीत आहे. भाऊजींच्या पाचरी त्यांनी स्वतः तासलेल्या, जड, गुळगुळीत, मुलांच्या हातात मावतील अशा. थोड्या वेळानं ते ओरडले, "माझी पाचर कुणी उचलली?" मी ऐकलं. पाचर माझ्या समोर, ठकीच्या तोंडात. मी 'इथं आहे' म्हणाले नाही. त्या आवाजात ते ओरडले की आपण या घरात कुणीच काही म्हणत नाही. मी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि ओट्यावरच्या फडक्याखाली सारली. ती परत रडली, आणि दुधाकडं बघायला मी तिला खाली सोडलं. भाऊजींनी दुसऱ्या पाचरीच्या जागी दगडाची कपची लाथेनं सरकवली. ती कपची टिकली नाही.

"पाचर मी दुपारी परत खोक्यात ठेवली," मी म्हणाले. "सगळे त्यांच्याभोवती होते तेव्हा."

नवरा खोक्याकडं बघू लागला. जाऊबाईंनी डोळे मिटले.

सासूबाई माझ्या अगदी जवळ आल्या, इतक्या की मला त्यांच्या तोंडाचा चहाचा वास आला. आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला राग चालला असता.

"बघ," त्या म्हणाल्या. "बघ, कसं जुळवून आणतो तो. तुझ्या हातूनही त्यानंच करून घेतलं. पाचर तू घेतली नाहीस गं, त्यानं काढून घेतली. तुला गप्पही त्यानंच बसवलं. त्याला माझं पोर न्यायचं होतं आणि तुझं ठेवायचं होतं." त्यांनी नवऱ्याच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि माझ्यापुढं धरली. "सही कर. तोही सुटला, तूही सुटलीस. मी कधी एका शब्दानं बोलणार नाही तुला. ही पोरगी माझ्या मांडीवर वाढेल."

मी पेन घेतलं. हे लपवत नाही. मी पेन घेतलं आणि टोपणही काढलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला सांगत होतं की ते मी केलं नाही. एवढ्या मोठ्या हिशेबात माझी पाचर कुठल्या कुठं विरघळून जाणार होती. फक्त खाली माझं नाव लिहायचं होतं.

पण मग पुढच्या वेळी? हेच डोक्यात आलं. मी ठकीला पुन्हा खाली सोडीन, पुन्हा कोणी ओरडेल, मी पुन्हा गप्प बसेन, आणि प्रत्येक वेळी जे काय होईल ते वरून आलेलं असेल. मग मी खिडकीत कशाला उभी राहू? बघू तरी कशाला?

"नाही," मी म्हणाले. "पाचर मी घेतली. मला दहा मिनिटं हवी होती म्हणून. आणि गप्प बसले ते घाबरून. त्यात देव नव्हता, आई, मी होते. आणि ते होते."

"म्हणजे तू मारलंस माझ्या पोराला."

"थोडं मी. थोडं त्यांनी स्वतः."

त्यांचा हात उठला. नवरा मध्ये आला, तेही एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. हात खाली आला तो दगडावर, आणि दोन्ही ओळींवरची शिसपेन्सील त्यांच्या तळव्याला लागली.

"एवढासा होता तेव्हा ठकीसारखाच होता तो," त्या नवऱ्याच्या खांद्याआडून माझ्यावर ओरडल्या. "असाच कानातलं ओढायचा. उद्या हीच पोरगी कोणाचं डोकं फोडेल, कोणाचं घर मोडेल, तेव्हा मी विचारीन तुला, हिला कुठं पाठवायची, सांग. तेव्हा करशील का नरकाच्या चिठ्ठीवर सही? करशील?"

मी ठकीचं डोकं माझ्या हनुवटीखाली घट्ट धरलं आणि तशीच उभी राहिले.

नवऱ्यानं ओलं फडकं घेतलं आणि कुणाला न विचारता खालच्या दोन ओळी पुसल्या. मग त्याचा हात वरच्या 'स्वर्गवासी' या शब्दापाशी थांबला. त्यानं जाऊबाईंकडं पाहिलं, कारण मजकूर शेवटी बायकोनं सांगायचा असतो.

"तो राहू दे," जाऊबाई म्हणाल्या. "मात्र माझ्या दगडावर घालू नका. दोघांना एकाच ठिकाणी नको."

मी बोट ठेवलं. दुसरी तारीख, पहिली तारीख, मग नाव, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत. तिथं थांबले. चिठ्ठीवर लिहिलं, 'नाव व तारखा वाचल्या, बरोबर', आणि सही केली.

"काय लिहिलं हिनं?" सासूबाईंनी विचारलं. नवऱ्यानं वाचून दाखवलं.

"आणि वरचा शब्द?"

"तो मी वाचला नाही," मी म्हणाले. "ज्याला माहीत असेल त्यानं वाचावा."

सासूबाईंनी माझ्या हातातलं पेन हिसकावलं. त्यांना ते धरता येईना. टोक अंगठ्यावर घासून घासून त्यांनी अंगठा निळा केला, चिठ्ठी दगडावर सपाट केली आणि माझ्या सहीच्या डोक्यावर तो असा दाबला, की नख पांढरं पडलं.

"मी वाचला," त्या म्हणाल्या. "कोर आता."

नवऱ्यानं चिठ्ठी कोपऱ्यावर चिकटवली आणि छिन्नी उचलली. त्या परत स्टुलावर बसल्या. अंगठा पदराला पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुझ्या वेळी मी अंगठा देणार नाही. लक्षात ठेव."

"नका देऊ," मी म्हणाले, आणि ठकीच्या कानांवर हात ठेवले, कारण पहिला घाव फार मोठा वाजतो.